काम, पैसा, कायदा, संस्कृती: व्याख्या पाठ करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर मी हेच बघते. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, चलनवाढ म्हणजे काय, करार म्हणजे काय, रूढी म्हणजे काय, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, आणि मग मी विचारते की बरं, तू मित्राला १००० उसने दिलेस आणि त्याने परत केले नाहीत तर हा विषय पैशाचा, कायद्याचा की संस्कृतीचा? की सगळा वर्ग गप्प. यात मुलांची चूक नाही हो, आपण हे चार विषय चार वेगळ्या पुस्तकांतून शिकवतो आणि रोजच्या जगण्यात ते एकाच प्रसंगात एकदम अंगावर येतात.

म्हणून मी जी पद्धत वापरते ती सांगते. एक वही घ्या, प्रत्येक कन्सेप्टला एक पान. व्याख्या सगळ्यात शेवटी लिहायची. आधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा: देणं कोण लागतं? कुणाला? काय? कधीपर्यंत? आणि नाही दिलं तर काय होईल? शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, तो का ते पुढे कळेलच.

पैशापासून सुरू करा

पैसा म्हटलं की डोळ्यासमोर नोटा-नाणी येतात. पण वहीत "बँकेतली ठेव" असं पान काढा आणि पहिला प्रश्न विचारा, देणं कोण लागतं? बँक. कुणाला? तुम्हाला. म्हणजे तुमच्या हिशोबात जी रक्कम जमा दिसते तीच बँकेच्या हिशोबात देणं म्हणून लिहिलेली असते. एकाची जमा ती दुसऱ्याचं देणं, हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धं अर्थशास्त्र सोपं होतं. प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहायची ही रीत व्यापाऱ्यांकडे आधीपासून होती, लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ती नीट मांडली आणि आजचं सगळं अकाउंटिंग अजून त्याच पायावर उभं आहे.

नोटेचंही तसंच बघा. एके काळी नोटेमागे सोनं असायचं. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात परदेशी सरकारांना सोनं देणं थांबवलं, तेव्हापासून जगातलं चलन बहुतेक करून विश्वासावर आणि सरकारच्या शब्दावर चालतं. मुलं विचारतात, मग नोटेला किंमत का? कारण उद्या समोरचा ती घेणार अशी आपली खात्री असते, आणि सरकार कर भरून घेताना तेच चलन स्वीकारतं.

आता व्याज. इथे थोडं थांबा, कारण आयुष्यभर याचाच फायदा किंवा फटका बसतो. १००० वर दरसाल १० टक्के सरळव्याज लावलं तर १० वर्षांनी २००० होतात. चक्रवाढ लावलं तर पहिल्या वर्षी ११००, दुसऱ्या वर्षी १२१०, तिसऱ्या वर्षी १३३१ असं करत १० वर्षांनी साधारण २५९४. फरक कुठून आला? व्याजावर व्याज. हे हाताने एकदा वहीत करून बघाच, कॅल्क्युलेटरवर थेट उत्तर आलं तर मनात काही उरत नाही. पटकन अंदाजासाठी ७२ चा नियम आहे, ७२ ला व्याजदराने भागायचं, ८ टक्के असेल तर रक्कम दुप्पट व्हायला सुमारे ९ वर्षं.

हीच गंमत कर्जाच्या बाजूने लावली की घाम फुटतो. कुणी म्हणालं "महिना फक्त ३ टक्के" तर तुम्ही पटकन १२ ने गुणून ३६ टक्के म्हणाल, पण दर महिन्याला व्याज मुद्दलात मिसळत गेलं तर वर्षाचा दर ४२.६ टक्क्यांच्या जवळ जातो आणि काहीच फेडलं नाही तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट. म्हणून कर्जाच्या पानावर "कधीपर्यंत" च्या खाली अजून एक ओळ लिहा: व्याज किती दिवसांनी मुद्दलात मिसळतं? कागदावर ते बारीक अक्षरात असतं, पण असतं.

चलनवाढ एका ओळीत सांगते. ठेवीवर ४ टक्के मिळाले, भाव ६ टक्क्यांनी वाढले, म्हणजे तुमचे १००० चे १०४० झाले पण तीच वस्तू आता १०६० ला आहे. आकडा वाढला आणि तुम्ही मात्र मागे पडलात.

काम आणि पगार

पगाराची स्लिप हातात आली की सगळे आधी शेवटचा आकडा बघतात, हातात किती पडले. मी म्हणते वरून खाली एकेक ओळ वाचा. वर एकूण पगार, मग कपाती, मग निव्वळ पगार. आणि प्रत्येक कपातीला आपला पहिला प्रश्न विचारा, इथे देणं कोण लागतं? कर कापला तर ते तुमचं सरकारला देणं होतं, ते गेलं. निवृत्तीच्या फंडासाठी कापले तर तिथे फंड तुम्हाला देणं लागतो, म्हणजे ते तुमचेच पैसे, फक्त पुढे ढकललेले. विम्याचे कापले तर विमा कंपनी देणं लागते, पण ठरलेली गोष्ट घडली तरच. तिन्ही ओळींपुढे वजाचं चिन्ह सारखंच असतं, अर्थ मात्र पार वेगवेगळा. हे न कळल्यामुळे "किती कापतात" म्हणून नुसती चिडचिड करणारी मोठी माणसंही मी बघितली आहेत.

दुसरी गोष्ट, नोकरी आणि फ्रीलान्स काम यातला फरक. कागदावर वर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, बऱ्याच देशांतली कोर्टंही फक्त त्यावर जात नाहीत. काम कसं आणि केव्हा करायचं हे कोण ठरवतं, साधनं कुणाची, नुकसान झालं तर कुणाच्या माथी, दुसऱ्याचं काम घ्यायची मोकळीक आहे का, हे बघतात. वेळ मालक ठरवतो, सुट्टी त्याला विचारून घ्यायची, आणि कागद म्हणतो "स्वतंत्र कंत्राटदार", तर तिथे नीट चौकशी करा कारण रजा, विमा, नोटीस हे सगळं त्या एका शब्दावर अवलंबून असतं.

कामाचे तास हे कुणी सहज म्हणून दिलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये सुरू झाली आणि तिचा अगदी पहिला ठराव उद्योगांमध्ये दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास या मर्यादेचाच होता. पुढे १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २३ मध्ये समान कामाला समान वेतन आणि कलम २४ मध्ये विश्रांती नि पगारी सुट्टी आली. ही दोन कलमं अर्ध्या पानाचीसुद्धा नाहीत, मूळातून वाचा.

आणि घरचं काम? स्वयंपाक, लहानांना नि आजाऱ्यांना सांभाळणं. याला पगार नाही म्हणून ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात धरत नाहीत, पण तेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं की लगेच धरतात! या कामाचंही पान काढा. देणं कोण लागतं इथे पेन अडतं, आणि ते अडावं असंच मला वाटतं.

कायदा: "सही केली नव्हती" हे पुरत नाही

करार म्हणजे स्टॅम्प पेपर असा समज असतो. मुळात लागतं काय तर एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याची स्वीकृती, दोघेही करार करायला पात्र असणं, हेतू कायदेशीर असणं, आणि इंग्लिश परंपरेच्या कायद्यात दोन्हीकडून काहीतरी मोबदला. तोंडी करारही बहुतेक वेळा खरा करारच असतो, फक्त सिद्ध करायला जड जातो आणि काही प्रकारांना लेखी लागतंच.

यासाठी मी नेहमी एकच केस सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडात कार्बोलिक स्मोक बॉल नावाचं फ्लूवरचं औषधी साधन विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली, आमचं साधन सांगितल्याप्रमाणे रोज तीनदा दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, आणि आम्ही मनापासून बोलतोय हे दाखवायला १००० पौंड बँकेत ठेवलेत. श्रीमती कारलिल यांनी ते घेतलं, नियमित वापरलं, आणि तरी जानेवारी १८९२ मध्ये त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली ती नुसती जाहिरातबाजी होती, त्यांनी आम्हाला कुठे कळवलं की प्रस्ताव मान्य आहे म्हणून? अपील कोर्टाने कंपनीचं ऐकलं नाही. बँकेत पैसे ठेवलेत म्हणजे शब्द गंभीर होता, आणि अट पूर्ण करणं हीच स्वीकृती. आता पाच प्रश्न लावा, कोण: कंपनी, कुणाला: अट पूर्ण करणाऱ्या कुणालाही, काय: १०० पौंड. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला हे तीनही शब्द या एका गोष्टीत सापडतात.

दिवाणी आणि फौजदारीचा गोंधळ पाचव्या प्रश्नाने सुटतो. नाही दिलं तर काय? भरपाई द्यावी लागेल किंवा ठरलेलं पूर्ण करावं लागेल, तर दिवाणी. शिक्षा होईल, तुरुंग किंवा दंड, तर फौजदारी, आणि तिथे समोर सहसा सरकार उभं असतं. म्हणूनच फौजदारीत पुरावा जास्त भक्कम लागतो आणि दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरतात, १९४८ च्या त्याच जाहीरनाम्यात कलम ११ मध्ये हे आहे. वयाची अट, मुदती, दंड हे देशोदेशी बदलतं, ते आपल्या देशाच्या कायद्यातच बघा, ऐकीव माहितीवर राहू नका.

संस्कृती, जिथे देणं लिहिलेलं नसतं

मुलांना हा भाग "सोपा" वाटतो आणि इथेच मार्क जातात. संस्कृती म्हणजे नाच-गाणी-सण एवढंच धरलं तर पाच प्रश्न लावायला काही उरतच नाही. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांचं उदाहरण घ्या, मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने तिथे राहून केलेलं वर्णन १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथले लोक होड्यांतून लांबलांबच्या बेटांवर जायचे आणि भागीदारांना शिंपल्यांच्या वस्तू द्यायचे, लाल माळा घड्याळाच्या दिशेने फिरायच्या आणि पांढरी कडी उलट दिशेने. माळ मिळाली की काही काळाने तोलामोलाचं कडं परत जायचं. वस्तू कायमची ठेवून घ्यायची नसते, आणि तिथल्या तिथे घासाघीसही करायची नसते. कोण, कुणाला, काय, कधीपर्यंत, सगळ्याची उत्तरं आहेत, फक्त कागद नाही. न देणाऱ्याची पत जाते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये अशाच देवघेवींच्या अभ्यासातून तीन बंधनं मांडली: द्यायचं, घ्यायचं, आणि परतफेड करायची.

समाजशास्त्रातले लोकरीती आणि लोकनीती हे शब्दही पाचव्या प्रश्नावरच वेगळे होतात. मोडलं तर लोक नाक मुरडतात, ती लोकरीती. मोडलं तर लोक संतापतात, संबंध तोडतात, ती लोकनीती. मोडलं तर कोर्टात उभं करतात, तो कायदा.

आता ते १००० चं पान भरा. देणं मित्र लागतो, तुम्हाला, १०००, तारीख ठरलीच नव्हती. नाही दिले तर? व्याज लावलं नाही म्हणून पैशाच्या अंगाने चलनवाढीचा तोटा तुमचा. कायद्याने उसनवारी हा तोंडी करार, पण साक्षीदार नाही की मेसेज नाही, मग सिद्ध कसा करणार? आणि संस्कृतीच्या अंगाने बघितलं तर मागायचीच चोरी, कारण मित्राकडे मागणं वाईट दिसतं. आता कल्पना करा की देताना फक्त एक मेसेज टाकला असता, "तुला आज १००० दिलेत, पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत दे", आणि त्याने "हो" म्हटलं असतं. कुठली कुठली उत्तरं बदलतात? ती जुन्या उत्तरांशेजारी दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा, आणि मग खाली करार, कर्ज आणि लोकरीती या तिन्हींच्या व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहून पुस्तकाशी ताडून बघा.