शेती आणि प्राण्यांची आवड असलेल्या मुलाची गोष्ट कशी लिहावी

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी अशी गोष्ट लिहायची असेल, तर प्रथम नायकाला त्याच्या वयाला झेपेल असे एकच काम द्यावे. कोंबड्यांना दाणे टाकणे, वासराला पाणी पाजणे किंवा वाफ्यातील तण उपटणे यांपैकी काहीही चालेल, पण ते काम त्याने स्वतः करायला हवे. मोठ्यांचे काम नुसते पाहत उभे राहणारे मूल कथेत फार काळ तग धरत नाही.

कथेचा काळ निसर्गाच्या गतीवरून ठरवावा. कोंबडीची अंडी उबायला सुमारे २१ दिवस लागतात, तर शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो. म्हणून एका पानावर अंडे आणि लगेच पुढच्या पानावर पिल्लू दाखवण्याऐवजी ती वाट पाहणे हाच कथेचा गाभा करावा, कारण लहान मुलाच्या उत्सुकतेला, शंकांना आणि रोजच्या चौकश्यांना तिथेच खरी जागा मिळते. अंड्याला कान लावणारे मूल अवश्य रंगवावे. (पिल्लू बाहेर येण्यापूर्वी कवचाआडून त्याची चिवचिव खरोखरच ऐकू येते.)

प्राण्यांना माणसासारखे बोलायला लावावे की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे. मला मात्र न बोलणारी गाय अधिक भावते, कारण तिच्या टवकारलेल्या कानांचा अर्थ मुलाला स्वतः लावावा लागतो. एखाद्या प्राण्याचा मृत्यू कथेत आलाच, तर तो लपवू नये, स्पष्ट शब्दांत सांगावा. शेवटी गोष्ट मोठ्याने वाचून पाहावी आणि जिथे जीभ अडखळेल, तिथे वाक्य तोडावे.