मज्जारज्जूसाठी कोलॅजनचं जेल: आधी बर्फ भरा

प्रोजेक्टला आलेल्या प्रत्येकाला मी आधी बर्फाचा डबा भरायला लावते. उंदराच्या शेपटीतून काढलेलं कोलॅजन, म्हणजे ऊतींना आधार देणारं प्रथिन, गार असेपर्यंतच पातळ राहतं. त्यामुळे बाटली, ट्यूब, पिपेटच्या टिप्स, सगळं बर्फात. माझं पहिलं जेल कोमट टिपमध्येच गोठलं आणि तीन आठवडे वाढवलेल्या पेशी गेल्या.

मज्जारज्जूला मार लागला की आत पोकळी पडते, भोवती व्रण धरतो. चेतातंतूंना पुढे सरकायला आधार उरत नाही. पोकळी नुसती भरून भागत नाही, त्यांना सरळ वाटही लागते. म्हणून आपण जेल साच्याच्या दोन्ही टोकांच्या जाळ्यांना बांधतो.

८०० मायक्रोलिटर कोलॅजन घ्या, दर मिलीलिटरला २ मिलिग्रॅमवालं. त्यात १०० मायक्रोलिटर दहापट तीव्रतेचं एमईएम (पेशींचं पोषक द्रावण), फेनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग असलेलंच. रंग पिवळा येईल. आता सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब. दर थेंबाला ट्यूब हलकेच फिरवा. जोरात हलवलीत तर बुडबुडे अडकतात आणि जेल नेमकं तिथेच फाटतं. पिवळ्याचा नारिंगी होतो आणि मग एखाद्याच थेंबाने गुलाबी. तिथे हात थांबला पाहिजे. जांभळट झालं तर टाकून द्या, आम्ल घालून सावरत बसू नका. गुलाबी दिसताच १०० मायक्रोलिटर श्वान पेशी (Schwann, नसांमधल्या तंतूंना आवरण आणि आधार देणाऱ्या) घाला आणि साच्यात ओता. टोकाच्या जाळ्या पूर्ण भिजल्या ना, ते वाकून बघा.

३७ अंशांवर पंधरा मिनिटं, मग वरून मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण. रात्रभर पेशी जेलला आतून खेचतात. टोकं बांधलेली, म्हणून ताण लांबीच्या दिशेने पडतो आणि पेशीही तशाच लांबट होतात. सकाळी जेल मधोमध कमरेसारखं आत गेलेलं दिसेल.

ही पद्धत ब्रिटनमधल्या जेम्स फिलिप्स यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदराच्या पायातल्या नसेवर वापरली. मज्जारज्जू त्याहून कठीण. व्रणातली कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन्स, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं, तंतूंना अडवतात आणि जेल ओलांडलेला तंतूही पलीकडे रज्जूत शिरायला कचरतो. कुणा रुग्णाच्या घरच्यांनी विचारलं, तर मज्जारज्जूसाठीचं आपलं हे काम अजून प्रयोगशाळेच्या ताटलीतलं आहे असं स्पष्ट सांगा. त्यांना खोटी आशा लावू नका.

आणि दरवेळी एक जेल न बांधता ठेवा. त्यातल्या पेशी वाटेल त्या दिशेला तोंड करतात. दोन्ही जेल एकाच दिवशी, एकाच मायक्रोस्कोपखाली बघा.