जुनिपर लावताय? जरा दसऱ्यापर्यंत थांबा

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडं जो तो झाडं लावायला पळतो, पण पसरणाऱ्या जुनिपरला, म्हणजे बंगल्यांच्या बागेत शोभेला लावतात त्या झुडपाला, ही घाई अजिबात चालत नाही बरं का. मूळचं डोंगरातलं झाड ते, हिमालयात, युरोपच्या डोंगरांत त्याच्या जाती दगडगोट्यांत वाढतात, बर्फ सोसतात, वर्षभर हिरव्या राहतात (आयुर्वेदातली हपुषा ही त्याच घराण्यातली). म्हणजे काटक आहे, पण मुळाशी पाणी थांबलं की संपलं, आणि कोल्हापुरात नेमकं तेच होतं, नदीकाठच्या काळ्या रानात तर जुलैत पाय काढायची मारामार. मी पहिल्यांदा जूनमध्येच लावली होती, गणपतीपर्यंत फांद्या आधी फिकट मग तपकिरी, उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली. वरनं वाळल्यासारखं दिसतं म्हणून आपण अजून पाणी घालतो, तिथंच फसतो.

सध्या काय करायचं, तर पिशवीतली रोपं विटांवर उचलून ठेवा, पत्र्याच्या पागोळ्या पडतात तिथनं लांब. जागा आत्ताच बघून ठेवा, फूटभर खड्डा काढून पाणी भरा, दोन-तीन तासांनी तसंच दिसलं तर ती जागा सोडा नाहीतर मुरूम टाकून फूटभर उंचवटा करा. पन्हाळा, आजऱ्याकडं तांबड्या मातीच्या उतारावर एवढा खटाटोप लागत नाही. लागण दसऱ्यानंतर, दोन रोपांत ३-४ फूट अंतर, ऊन निदान सहा तास, सावलीत विरळ होतं. शेणखत बेतानंच, उसाला घालतो तसं नको. पाचट बुंध्याला टेकवू नका, ओल धरतं, त्यापेक्षा बारीक खडी पसरा.

छाटताना फक्त हिरवा शेंडा घ्या, जुन्या उघड्या लाकडात कापलं तर तिथं परत फुटत नाही, टक्कल कायमचं. रोपं वाढवायची तर जमिनीला टेकलेल्या फांदीवर थोडी माती नि दगड ठेवा, मुळं सुटली की तोडून घ्या, सावकाश होतं पण फुकटात होतं. मार्च-एप्रिलात रंग राखट वाटला तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका, बारीक ठिपके चालायला लागले म्हणजे लाल कोळी ही कीड, आधी पाण्याचा जोरात फवारा मारून बघा, औषध नंतर.

आणि एक, ऊस मोडून एकरभर हे लावायच्या भानगडीत पडू नका, वाढ लई सावकाश हाय. नर्सरीच्या कडेला शंभरेक पिशव्या ठेवा, बंगलेवाले मागत येतात.