कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पहिली छोटी ट्रायथलॉन

साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं. स्प्रिंट ट्रायथलॉनचं हे ठरलेलं माप. तिन्ही एकामागोमाग करायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही, बूट चढवायचा वेळही त्यातच धरला जातो. नवख्या माणसाला सगळं मिळून साधारण दीड ते दोन तास लागतात. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तिथलं अंतर याच्या दुप्पट होतं. आपण निम्म्यापासून सुरुवात करतोय. चाळिशीत, शाळेची नोकरी आणि घर सांभाळून हे जमतं, एवढं मी अनुभवावरून सांगू शकते.

सोलापुरात मला याबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न महागड्या सायकलचा असतो आणि दुसरा प्रोटीनच्या डब्याचा. पहिल्या स्पर्धेपुरते दोन्ही बाजूला ठेवा. आपल्याकडे कस लागतो तो पाण्यातल्या श्वासाचा आणि उन्हाचा. खाण्याचं म्हणाल तर लागणारं सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहे, फक्त काय कधी खायचं याच्या वेळा नव्याने लावून घ्याव्या लागतात.

पोहण्यापासून सुरू करते, कारण माणसं तिथेच गळतात. आपल्याकडे पुष्कळजण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले असतात. त्यांना पाण्याची भीती नसते आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण विहिरीतलं पोहणं डोकं वर ठेवून असतं. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि हातांची निम्मी ताकद तरंगत राहण्यातच जाते. पन्नास मीटरला ते खपून जातं, साडेसातशेला दम निघतो. आमच्या पोहण्याच्या तलावावरचे प्रशिक्षक सुरुवातीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "श्वास पाण्यात सोडायचा ओ मॅडम, वर येऊन फक्त घ्यायचा." आतली हवा पूर्ण बाहेर गेली नाही तर नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही, आणि तिथून धाप सुरू होते. म्हणून पहिले काही दिवस कठडा धरून तोंड पाण्यात घालायचं, बुडबुडे सोडायचे, मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. लहान मुलांच्या शेजारी उभं राहून हे करताना लाजू नका. मला याचा जितका फायदा झाला तितका नंतरच्या कुठल्याच सरावाचा झाला नाही.

पंचवीस मीटरच्या तलावात साडेसातशे म्हणजे तीस फेऱ्या. पहिल्या दिवशी सलग किती जमतात ते मोजू नका. एक फेरी, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा एक. आधी एकूण अंतर भरू द्या, मग थांबे कमी करत जा. फ्रीस्टाइलच हवं असा नियम नाही, ब्रेस्टस्ट्रोक चालतो, दमल्यावर पाठीवर पडून राहिलं तरी कुणी बाद करत नाही. पाय मात्र जोरात मारू नका, ते पुढच्या पंचवीस किलोमीटरसाठी राखायचे आहेत.

स्पर्धा बहुतेक वेळा उघड्या पाण्यात असते. तिथे तळाची काळी रेघ दिसत नाही, पाणी गढूळ असतं, शेजारच्याचा हात अंगाला लागतो. याची सवय आधी हवी. पायऱ्यांची विहीर असलेलं ओळखीचं शेत असेल तर तिथे जा. वर दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन पोहणारा माणूस बसवा, आणि खोल पाण्यात जागच्या जागी तरंगायला शिका. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून समोरची खूण बघायचा सराव पोहण्याच्या तलावातही करता येतो. हिप्परगा तलाव जवळ आहे म्हणून एकट्याने त्यात उतरू नका. पाणवनस्पती, गाळ आणि अचानक वाढणारी खोली हे काठावरून कळत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आयोजक पोहण्याचा सराव ठेवतात का ते विचारा आणि असेल तर तो चुकवू नका.

बायकांसाठी एक वेगळं सांगते. महिलांच्या बॅचची वेळ नोकरीशी जुळत नाही म्हणून अनेकजणी सोडून देतात. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून वेळ बदलून मागितली तर ऐकलं जातं, एकटीने मागितली तर फारसं नाही. पोशाखाचंही अडत नाही. गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून पाण्यातून बाहेर आल्यावर त्यावरच टी-शर्ट चढवून सायकल आणि धावणं दोन्ही होतं. आणि सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते कमी असेल तर कितीही मेहनत केली तरी दम लवकरच लागणार. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी, बाई असो की पुरुष, डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यावीच.

सायकल घरात असेल ती चालेल, गिअरची असेल तर बरी. बसायची उंची तेवढी नीट लावा. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. जड गिअर दाबत बसण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारा, धावायला पाय शिल्लक राहतात. रस्त्यांचं मात्र सोलापूरकरांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. उजाडल्याशिवाय बाहेर पडू नका. आषाढातला पश्चिमेचा वारा अंगावर घेत आधी जायचं आणि पाठीवर घेत परतायचं, म्हणजे दमलेल्या पायांना तो ढकलतो. बाभळीचे काटे सगळीकडे आहेत, तेव्हा जादा ट्यूब आणि पंप जवळ हवाच.

धावण्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं थोडं आहे. इतक्या वेगाने धावा की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढं पुरे. शिकायची गोष्ट आहे ती सायकलवरून उतरल्या-उतरल्या धावण्याची. पाय लाकडासारखे होतात, आपण पुढे जातोय असं वाटतच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सायकल दारात टेकवायची आणि तशाच घामात दहा-पंधरा मिनिटं धावायचं.

आठवडा मी असा लावते: दोन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, त्यातल्या एका दिवशी सायकलला जोडून धावणं, आणखी एक दिवस नुसतं धावणं, आणि उरलेले दिवस पूर्ण सुट्टी. आठवड्याला चार ते सहा तास होतात. मुळात थोडं चालणं-फिरणं असेल तर बारा आठवडे पुरतात. दर चौथ्या आठवड्याला सराव निम्म्यावर आणा आणि शेवटचा आठवडा तर अगदी हलका ठेवा.

आता खाणं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण सत्तर ग्रॅम कर्बोदकं आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय भरपूर तंतू. स्नायूंमध्ये साठणारं इंधन याच कर्बोदकांतून बनतं, आणि जोराच्या व्यायामात ते दीड तासाच्या आसपास पुरतं. तेव्हा ज्यांनी वजनासाठी भाकरी सोडली आहे त्यांनी सरावाच्या काळात ती परत ताटात घ्यावी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी दुपारी आणि रात्री पोटभर खा. पण सरावाच्या आधी दोन तास ती नको. तंतू पचायला वेळ लागतो आणि धावताना पोट ढवळतं.

शेंगाचटणीचंही तसंच. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण जवळपास निम्मं वजन तेलाचं. सराव झाल्यावर जेवणात दह्यात कालवलेली चटणी उत्तम, सरावाआधी ती पोटात बसून राहते. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, पेंडपाला, ताक, अंडी खाणाऱ्यांना दोन अंडी आणि कपभर दूध, यातून सरावानंतरची वीसेक ग्रॅम प्रथिनं सहज मिळतात. म्हणून तर म्हणते, प्रोटीनच्या डब्याची घाई नको. कडक भाकरी दह्यात चुरून, वर थोडी चटणी, हे माझं रविवारच्या लांब सायकलनंतरचं जेवण आहे आणि ते बदलावंसं मला कधी वाटलं नाही.

पहाटेच्या तासाभराच्या सरावाआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. तासापेक्षा जास्त चालणार असेल तर वाटेत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम मिळतात, बाकीची पाण्यातून. पाऊण लिटरच्या बाटलीत तीन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू पिळा. आपल्या उन्हात नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठ जातं. तासन्‌तास फक्त पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. स्वतःला किती लागतं ते काढणं सोपं आहे. सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे, वाटेत प्यायलेलं सोडून, अंदाजे एक लिटर घाम गेला. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उन्हाची सवय शरीराला लागते, त्याला दहा ते चौदा दिवस जातात. घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा सवयीच्या नावाखाली दुपारी धावू नका. सातपर्यंत घरी परत या. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं, की लगेच थांबायचं, सावलीत बसायचं, अंगावर पाणी ओतून घ्यायचं आणि सोबतच्याला दवाखान्यात न्यायला सांगायचं. इथे धीर दाखवायचा नसतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी भाकरीला सुट्टी देते. वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी, दही. तिखट नाही, उसळ नाही, बाहेरचं काही नाही. सकाळी साडेसहाला सुरुवात असेल तर चारला उठून कमी शेंगदाण्यांचे पोहे, एक केळं आणि नेहमीचा चहा. यातून ऐंशीच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं मिळतात आणि अडीच तासांत ती पचतात. बाहेरगावी मुक्काम असेल तर पोहे घरून भाजून न्या. लॉजवाला पहाटे चारला काही देईल या भरवशावर राहू नका. आणि सरावात कधी न खाल्लेली एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला गोड दाट पाक, तिथे फुकट वाटत असले तरी त्या दिवशी तोंडात घालू नका.

पाण्यातून येऊन सायकल घ्यायची आणि नंतर ती ठेवून धावायला निघायचं, त्यासाठी एक जागा आखलेली असते. तिथे सामान मांडताना टॉवेल अंथरून त्यावर ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने ठेवा: हेल्मेट उलटं, त्यात गॉगल, शेजारी मोजे आणि बूट, मागे टोपी. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि त्या जागेच्या तोंडाशी आखलेल्या रेषेच्या आत सायकलवर बसायचं नाही, हे दोन नियम नवखे सर्वांत जास्त मोडतात. सायकलवर पहिली दहा मिनिटं घोट-घोट पीत राहा, केळं अर्ध्या वाटेत संपवा. शेवटच्या दोन किलोमीटरला गिअर हलका करा म्हणजे पाय मोकळे होतील. धावायला उतरल्यावर पहिला किलोमीटर घड्याळाकडे बघू नका, पावलं छोटी ठेवा. दुसऱ्या किलोमीटरच्या आसपास पाय पुन्हा आपले वाटायला लागतात, वेग वाढवायचा तो तिथून.