क्लाउडवरचे फोटो आपल्या ड्राइव्हवर कसे उतरवायचे, केलेल्या एडिटसकट

फोटो क्लाउडवर आहेत म्हणजे बॅकअप झाला असं बरेच जण धरून चालतात, पण ते सिंक असतं. गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो, ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून राहतो आणि मग कायमचा गेला. म्हणून एक कॉपी आपल्या हार्ड ड्राइव्हवर पाहिजेच.

ड्राइव्ह लावला की आधी त्याचा फॉरमॅट बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल त्यावर बसतच नाही. मी पहिल्यांदा हे बघितलंच नव्हतं, रात्रभर डाउनलोड लावलं, सकाळी कॉपी करायला गेलो तर ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आणि तरी म्हणतोय फाईल टू लार्ज, अर्धा तास उगाच केबल काढघाल करत बसलो. एक्सफॅट करून घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं, फक्त फॉरमॅट मारला की आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे काही असेल तर आधी दुसरीकडे हलवा.

आता गूगल टेकआउट उघडा, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची त्यांचीच साइट. पहिल्यांदा 'डिसिलेक्ट ऑल', नाहीतर मेलपासून सगळंच गळ्यात पडतं, मग फक्त गूगल फोटोजवर टिक. पुढे झिप निवडा आणि साईज ठरवा, ५० जीबीपर्यंत घेता येते पण मी १० च घेतो, नेट मध्येच गेलं तर निदान १० चीच फाईल परत उतरवावी लागते. फोटो भरपूर असतील तर तयार व्हायला कधी तास लागतात कधी दिवस. मेल आला की मात्र टाळाटाळ नको, लिंक आठवडाभरच चालते. सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट करा, कारण एकाच अल्बमचे तुकडे वेगवेगळ्या झिपमध्ये गेलेले असतात.

खरी गंमत पुढे आहे. फोल्डरमध्ये काही फोटो दोनदा दिसतील, एक मूळ आणि दुसऱ्याच्या नावाला शेवटी 'एडिटेड' जोडलेलं. डुप्लिकेट समजून उडवू नका, तुम्ही क्रॉप केलेला, उजळवलेला तो दुसरा. शिवाय शेजारी नावाच्या शेवटी .json असलेल्या, म्हणजे जेसन, बारक्या फाईली असतात, त्या कचरा वाटतात पण तुम्ही हाताने बदललेली तारीख, लिहिलेलं कॅप्शन, लोकेशन हे सगळं तिथेच असतं. एखादी नोटपॅडमध्ये उघडून बघा, तारखेच्या जागी १५४६३००८०० असा आकडा दिसेल, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, आणि हा आकडा निघतो १ जानेवारी २०१९. ज्या फोटोंच्या आत तारीखच नसते ते फोल्डरमध्ये डाउनलोडच्या दिवसाखाली जाऊन बसतात, त्यांच्यासाठी एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जेसनमधली तारीख फोटोत लिहून देतं. थोडं किचकट आहे, त्यामुळे आधी चार फोटोंच्या कॉपीवर करून बघा.

आयफोनवाल्यांनी मॅकवर अ‍ॅपलच्या फोटोज अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोड ओरिजिनल्स' चालू करायचं आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबायचं, मग एक्स्पोर्ट दोनदा. साध्या एक्स्पोर्टमध्ये एडिट केलेला फोटो येतो, 'अनमॉडिफाइड ओरिजिनल'मध्ये मूळ. दोन वेगळे फोल्डर करा. एएई (नावाच्या शेवटी .aae) फाईली दिसल्या तर त्यात फक्त एडिटची कृती असते, फोटो नसतो, आणि ती अ‍ॅपलबाहेर जवळजवळ कोणालाच कळत नाही.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचंही तसंच, 'ओरिजिनल प्लस सेटिंग्ज' एक्स्पोर्ट करा आणि आवडत्या फोटोंची जेपेग वेगळी काढा, म्हणजे उद्या सबस्क्रिप्शन नसलं तरी केलेलं काम डोळ्यांना दिसेल.

झिप लगेच डिलीट करू नका. आधी जुन्यात जुनं वर्ष उघडा, दोनचार व्हिडिओ मधूनच चालवून बघा, एडिट केलेला एखादा फोटो आठवून शोधा. टेकआउटला दर दोन महिन्यांनी आपोआप एक्स्पोर्ट असं वर्षभरासाठी लावता येतं, पण ते फक्त फाईली तयार करून मेल पाठवतं, ड्राइव्ह जोडून उतरवायचं काम आपलंच.