मेलबर्नमध्ये नवं घर बांधताय? ग्रॅनाइट नंतर, वायरिंग आधी

टार्नीट, ट्रुगनिना, क्रेगीबर्न या भागांत प्लॉट घेणारं प्रत्येक मराठी जोडपं एकच प्रश्न विचारतं: "नव्या घरात गॅस मिळणार नाही म्हणे, खरं का?" बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. व्हिक्टोरियात १ जानेवारी २०२४ पासून ज्या नव्या घराला किंवा नव्या वसाहतीला प्लॅनिंग परमिट (बांधकामाआधीची नियोजन परवानगी) लागतं, तिथे गॅसची पाइपलाइन जोडता येत नाही. परमिट न लागणारी घरं तेव्हा सुटली, पण १ जानेवारी २०२७ पासून सगळीच नवी घरं पूर्ण विजेवर असावीत असं सरकारने ठरवलं आहे. बास सामुद्रधुनीतला गॅस १९६९ पासून या राज्याला स्वस्तात पुरला, म्हणून इथली जुनी घरं हीटरपासून गिझरपर्यंत गॅसवरच. तो साठा आता ओसरतोय. "आपल्यावर अन्याय" वगैरे जे व्हॉट्सॅपवर फिरतं, ते सोडून द्या. भाड्याने राहणाऱ्यांनी तर काळजीच करू नये. जुन्या घरातली गॅसची शेगडी कुणी काढून नेत नाही.

खरा घोळ होतो तो करारावर सही करताना. आपली मंडळी डिस्प्ले होम, म्हणजे बिल्डरचं नमुन्याचं घर, बघायला जातात आणि किचनचा दगड, दर्शनी भाग, उंच छत यावर दोन-दोन रविवार घालवतात. स्विचबोर्डबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. वीज एकटीच सगळा भार उचलणार असेल, तर पुढच्या गोष्टी सहीच्या आधी लेखी घ्या: शेगडीला कायमची जोडलेली ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन, थ्री-फेज (जास्त भार पेलणारी वीजजोडणी) मिळेल का आणि किती पैसे पडतील, गॅरेजमध्ये गाडीच्या चार्जरची आणि घरच्या बॅटरीची वायर नंतर ओढायला रिकामा पाइप, स्विचबोर्डमध्ये मोकळी जागा. सही झाल्यावर हेच मागितलं तर बिल्डर त्याला 'व्हेरिएशन' म्हणतो आणि त्याची फी, नफा असं सगळं लावतो. भिंती बंद झाल्यावर तर विचारूच नका. माझ्या ओळखीतल्या एका घरात थ्री-फेजसाठी राहायला आल्यावर नवाकोरा ड्राइव्हवे फोडला. त्या खर्चात किचनचा दगड दोनदा आला असता. म्हणून पुन्हा सांगतो: सहीच्या आधी, लेखी. सेल्समन तोंडी "होऊन जाईल" म्हणाला, तर ते झालेलं नाही असं समजा.

आता स्वयंपाक, कारण घरात भांडण त्यावरच होतं. इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. हिंडालियमची कढई, तांब्याचं पातेलं, जुना अॅल्युमिनियमचा कुकर बाद. भारतातून येताना बुडाशी इंडक्शनची खूण असलेला स्टीलचा कुकर आणा. बिडाचा तवा चालतो, पण सपाट हवा. खोलगट तव्याची पोळी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. सगळ्यात गंमत फोडणीच्या पळीची. तिचं बूड इतकं लहान की शेगडीला ते भांडं वाटतच नाही, ती टूं टूं करून बंद पडते. एक लहान जाड बुडाचं स्टीलचं पॅन घ्या, मधल्या आचेवर तेल तापवा, मोहरी पडली की आच खाली. गॅसच्या सवयीने पूर्ण आच ठेवलीत तर तेल क्षणात धुरावतं, मोहरी काळी पडते आणि धुराचा अलार्म वाजतो. कुकरलाही पहिली शिट्टी झाली की निम्म्यावर आणा.

फुलका ज्वाळेवर फुगवायचं मात्र विसरा. तव्यावरच कापडाने दाबून पोळी फुगते, भाकरीही जमते, थोडा हात बसावा लागतो. भरताचं वांगं मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर भाजा, त्याला कुणाची हरकत नाही. पण थंडी आहे म्हणून तो बार्बेक्यू किंवा कॅम्पिंगची छोटी शेगडी घरात पेटवायची नाही. ही घरं बऱ्यापैकी हवाबंद असतात, आणि जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गरम पाण्यासाठी बहुधा हीट पंप येईल, म्हणजे बाहेर फ्रिजसारखी घुरघुरणारी मोठी टाकी. ती बेडरूमच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली बसवू देऊ नका. आणि तिचा टायमर पहिल्याच आठवड्यात स्वतः लावा. वेळेनुसार दर असलेल्या प्लॅनमध्ये दुपार उलटल्यापासून रात्रीपर्यंत वीज सगळ्यात महाग. छतावर सोलर असेल तर सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात पाणी तापवून ठेवा. उरलेली वीज विकून पैसे मिळतील या भ्रमात राहू नका: २०२४-२५ मध्ये किमान दर युनिटला ३.३ सेंट होता, नंतर तो जवळपास शून्यावर आला. म्हणून वॉशिंग मशीन, डिशवॉशर, गाडीचं चार्जिंग, सगळं दुपारी. पुण्याहून आई-बाबा येऊन राहिले आणि रात्री सगळ्यांच्या आंघोळी लागल्या, तर टाकी पुरत नाही. चार माणसांच्या हिशोबाने घेऊ नका, पाहुणे धरून घ्या.

हीटिंगला स्प्लिट एसीच पुरतो, तोच गरमही करतो.

आणि आपल्याकडचे काही हुशार लोक युट्यूब बघून स्वतःच प्लग बदलतात. व्हिक्टोरियात साधा पॉवर पॉइंटसुद्धा परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच बदलायचा असतो. काम झालं की त्याच्याकडून इलेक्ट्रिकल सेफ्टीचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.