ट्रिगर, रिमोट, लाइट मीटरसाठी रिचार्जेबल सेल कसे निवडावेत

‘जास्त एमएएचचे (मिलीॲम्पिअर-अवर, म्हणजे जास्त क्षमतेचे) सेल घ्या’ हा सल्ला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी एक वेळ ठीक आहे. रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारा), इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने फोटो काढणारा रिमोट), लाइट मीटर (प्रकाश मोजणारा) यांसारख्या अगदी कमी वीज खाणाऱ्या उपकरणांना तो लागू पडत नाही. तरी तो सर्रास दिला जातो आणि लोक पैसे वाया घालवतात.

आधी हिशेब करा. समजा, ट्रिगर चालू असताना ५ मिलीॲम्पिअर करंट घेतो आणि महिन्यात ८ तास वापरला जातो. महिन्याचा खर्च झाला ४० एमएएच. २६०० एमएएचचा साधा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता पडून महिन्याला २० टक्के उतरला, तर ५२० एमएएच गेले. कामात खर्च झाले त्याच्या तेरापट!

म्हणून पाहायचे ते सेल पडून किती उतरतो हे. निकेल मेटल हायड्राइडमधले ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ (पडून कमी उतरणारे) प्रकारचेच घ्या. पाकिटावर बहुधा ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेले असते. सान्योने २००५ मध्ये आणलेले एनेलूप (आता पॅनासॉनिकचे) याच जातीचे. डबल ए आकारात २००० आणि ट्रिपल ए आकारात ८०० एमएएचच्या आसपासचे सेल पुरेसे आहेत. त्याच मालिकेतले जास्त क्षमतेचे सेल तुलनेने कमी वेळा चार्ज करता येतात, त्यामुळे इथे ते घेऊ नका.

आता व्होल्टेज. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे नीट समजायला. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या थोडा वर सुरू होतो आणि वापराबरोबर सतत उतरत जातो. रिचार्जेबल सेल चार्जरमधून काढल्यावर १.४ च्या आसपास दिसतो, लवकरच १.२ वर येतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथेच राहतो. उपकरणाचा बॅटरी दर्शक अल्कलाइनच्या हिशेबाने बनवलेला असेल, तर भरलेला सेलही अर्धा दाखवतो. त्या दर्शकावर विश्वास ठेवू नका. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती आधी वापरा.

खरा प्रश्न असतो उपकरण किती व्होल्टला बंद पडते हा. तो अंदाजाने सुटत नाही. भरलेले सेल घाला, नेहमीच्या सर्वांत लांब अंतरावरून ट्रिगर करून पाहा आणि उपकरण बंद पडेपर्यंत वापरत राहा. बंद पडताच सेल काढून मल्टिमीटरने प्रत्येकाचे व्होल्टेज मोजा. १.१ किंवा त्याखाली असेल तर उपकरणाचे आणि या सेलचे जमले. दोन्ही सेल १.२ च्या वर असतानाच उपकरणाने मान टाकली, तर त्याला हे सेल चालणार नाहीत. तिथे न भरता येणारे लिथियम सेल घाला. एकच सेल फार खाली गेलेला दिसला तर दोष त्या सेलचा.

इथे हमखास कोणीतरी १.५ व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम सेल सुचवते. रेडिओ उपकरणांत मी ते घालत नाही. त्यांच्या आत व्होल्टेज उतरवणारे सर्किट असते. ते स्वतःही सतत थोडी वीज खाते, त्याच्या विद्युत गोंगाटाने रिसीव्हरची रेंज कमी होऊ शकते, आणि सेल शेवटपर्यंत भरलेला दिसून अचानक बंद पडतो.

त्याहून घातक म्हणजे डबल ए सारखाच दिसणारा १४५०० हा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल. पूर्ण चार्ज असताना तो ४.२ व्होल्ट देतो. ३ व्होल्ट अपेक्षित असलेल्या उपकरणात असे दोन बसवले की ८.४ व्होल्ट जातात आणि सर्किट जळू शकते. बटण सेलच्या बाबतीतही हेच: सीआर२०३२ च्या जागी बसणारा रिचार्जेबल एलआयआर२०३२ भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो, आणि क्षमता मात्र सुमारे ४० एमएएच, मूळ सेलच्या पाचव्या हिश्शाएवढी. रिमोटमध्ये साधा सीआर२०३२ घाला. मर्क्युरी सेलच्या १.३५ व्होल्टवर बेतलेल्या जुन्या लाइट मीटरला झिंक-एअर सेल बरा. रिचार्जेबलचा हट्ट तिथे सोडा.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा हवा. जोडीने भरणारे, फक्त ठरावीक वेळेने थांबणारे चार्जर नकोत.

जुने सेल टाकू नका. फ्लॅशमध्ये मंदावलेले लो सेल्फ-डिस्चार्ज सेल ट्रिगरमध्ये उत्तम चालतात, कारण वाढलेला अंतर्गत रोध इतक्या कमी करंटला आड येत नाही. फक्त आधी पूर्ण भरून महिनाभर बाजूला ठेवा आणि क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर किती उरले ते पाहा. बरेचसे उतरले असतील तर ते सेल पुनर्वापर केंद्रात द्या. टिकले असतील तर सारख्या क्षमतेच्या जोड्या लावा, चिकटपट्टीवर जोडीचा क्रमांक लिहा आणि जोडी कधीही फोडू नका. असमान जोडीत दुबळा सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्यातून करंट ढकलत राहतो, दुबळ्या सेलचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा खराब होतो. बंद असतानाही थोडी वीज खाणारे ट्रिगर असतात, त्यामुळे काम संपले की सेल बाहेर काढून ठेवा.